शेवटच्या नळाचा मान

मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे पाण्याच्या वाटणीचा इतिहास. ज्या समाजाला ही वाटणी जमली तो टिकला. ज्याला जमली नाही, त्याच्या फुटक्या मडक्यांवर पुढच्या लोकांनी प्रबंध लिहिले.

हे विचार माझे आहेत. पाणी समितीच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी ते ठळक अक्षरांत, खाली दुहेरी रेघ ओढून लिहिले होते. तिसऱ्या दिवशी ते पान वहीतून गायब झालं. चौकशी केल्यावर कळलं की समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यात भोपळ्याच्या बिया बांधून बहिणीला पाठवल्या.

"जाड कागद होता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि मागची बाजू कोरी होती."

त्या कोऱ्या बाजूवर मी संस्कृतीचा उत्तरार्ध लिहिणार होतो, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. अध्यक्षबाई स्वतः भाजीचा मळा करतात, आणि मळा करणाऱ्या माणसाला उत्तरार्धापेक्षा बी महत्त्वाचं वाटतं.

निवृत्तीनंतर मोकळी हवा हवी म्हणून आम्ही दोघं नवराबायको या शेतकरी वस्तीत राहायला आलो. घर दाखवणारा एजंट म्हणाला होता, "एकदम शांत जागा." शांत म्हणजे काय, ते सामान उतरवल्यावर कळलं. डांबरी रस्ता, विजेची तार आणि पाण्याचा पाइप, तिन्ही आमच्या कुंपणाशी येऊन संपत होते. त्यापुढे टेकडी. टेकडीवर अकरा घरं, आणि त्यांच्यापर्यंत जाणारी एक पायवाट. त्या पायवाटेनं वरची काकू रोज दोन्ही वेळा दोन डबे घेऊन खाली यायची, टाकीजवळच्या नळावर ते भरायची आणि आमच्या पायरीवर दोन मिनिटं टेकून पुन्हा वर चढायची.

आम्हाला येऊन तीन दिवस झाले, आणि चौथ्या दिवशी सकाळी दारात शिष्टमंडळ उभं राहिलं. पुढे अध्यक्षबाई, मागे शेजारचे टेलर मास्तर. मास्तरांच्या खांद्यावर कमरेइतकी उंच, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची एक लोखंडी कांब होती.

"साहेब, ही चावी," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"कशाची?"

"पाण्याची. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. टाकीखालच्या खड्ड्यात वाकायचं, व्हॉल्व्ह साडेसात फेरे उघडायचा, तास झाला की बंद करायचा. आता तुम्ही सोडणार."

मी संकोचानं विचारलं, "माझी निवड कशी काय झाली?" एकतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयाच्या जावक विभागात काढलेल्या माणसाची कीर्ती तीन दिवसांत पसरावी, यात तसं नवल नव्हतं. तरी विचारायची रीत असते.

"निवड कसली? वस्तीचा नियमच आहे. चावी शेवटच्या नळाकडे राहते. मध्यावरच्या माणसाकडे चावी दिली तर त्याची घागर भरली की तो पाणी बंद करून शेतावर जातो. शेवटच्याला पाणी मिळालं म्हणजे सगळ्यांना मिळालं. तुमचं घर शेवटचं."

"ते दोन वर्षं रिकामं होतं, तेवढे दिवस मी सांभाळली," टेलर मास्तर म्हणाले आणि कांब माझ्या हातात देऊन त्यांनी दोन्ही खांदे चोळले. "सुटलो बुवा." हे शब्द नीट लक्षात ठेवा. पुढे मास्तरांनी ते उच्चारल्याचं साफ नाकारलं.

आता माझा स्वभाव असा की एखादं काम अंगावर पडलं की मी त्याला प्रतिष्ठा मिळवून देतो. मास्तरांच्या काळात चावी कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी असे. मी तिला गंज काढून निळा रंग दिला. तिच्यासाठी जाड कापडाचं, नाडीचं आवरण शिवायला दिलं, आणि तेही मास्तरांकडेच दिलं, ही माझी पहिली चूक. चावीचं माप घेताना मास्तरांच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी कौतुकाचे समजलो. दारावर पाटी लावली: मुख्य जलनियंत्रक. बायको म्हणाली, "दुय्यम कोण आहे?" मी म्हटलं, "पद रिक्त आहे." सकाळ-संध्याकाळ चावी खांद्यावर घेऊन मी आमच्या घरापासून टाकीपर्यंत वस्तीच्या अख्ख्या रस्त्यानं चालत जाई. लोक दारात येऊन बघत. किती वाजले ते कळावं म्हणून बघतात, असं बायकोचं मत होतं.

शिवाय मी मुदतवाढीचा छापील अर्ज काढला. कारण रोज तास भरला की कोणीतरी ओरडायचंच, "साहेब, पाच मिनिटं अजून." अशानं शिस्त राहत नाही. अर्जात नाव, नळ क्रमांक, हवी असलेली मिनिटं आणि कारण असे चार रकाने. अर्ज एक दिवस आधी द्यायचा. पाच मिनिटांची गरज एक दिवस आधी ज्याला ओळखता येत नाही त्याला नियोजन म्हणजे काय ते कळलेलं नाही, असं माझं तेव्हा मत होतं. दोन महिन्यांत एकही अर्ज आला नाही. याचा अर्थ शिस्त लागली असा मी लावला.

मग वरच्या अकरा घरांचा विषय निघाला, आणि मला खरं काम मिळालं.

पाणीपुरवठ्याच्या मोठ्या कार्यालयाचं एक परिपत्रक आलं होतं. ज्या वस्तीची योजना तिथली माणसं स्वतः नीट चालवतात, तिला वाढीव पाइप आणि पंप मिळणार होता. अटी तीन. दप्तर चोख हवं. प्रत्येक घरात शौचालय हवं आणि ते वापरात हवं. आणि शेवटच्या नळाला पाणी पोहोचून त्यात क्लोरीन सापडायला हवं. तपासनीस येणार, काचेच्या नळीत पाणी घेणार, औषधाचे दोन थेंब टाकणार. पाणी पिवळं झालं की पास.

काकू पायरीवर टेकली होती, तेव्हा मी तिला ही बातमी दिली. "काकू, सहा महिन्यांत तुमच्या दारात नळ. माझा शब्द."

"या घरात आधी राहिलेले दोघंही असंच म्हणायचे," काकू पदरानं मान पुसत म्हणाली. "चांगली माणसं होती बिचारी." मग जरा थांबून म्हणाली, "सुनेला पाचवा लागलाय, भाऊ. बाळंत होऊन आली की आधी पाणीच लागेल. तान्ह्या बाळाचे कपडे धुवायला दिवसाला किती डबे लागतात ते तुम्हा पुरुषांना नाही कळायचं. तेवढ्यात झालं तर बघा."

ती डबे उचलून चालायला लागली. त्या क्षणी माझ्या अंगात जो उत्साह संचारला तो पुढे सहा महिने उतरला नाही. बायको त्याला ताप म्हणायची.

अर्ज घेऊन मी कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं तो तीनदा परत पाठवला. पहिल्यांदा शाई हिरवी होती म्हणून. दुसऱ्यांदा नकाशात टाकी आहे पण टाकीवरची शिडी नाही म्हणून. परत पाठवण्याची त्याची पद्धत इतकी देखणी होती, की एकतीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवलेल्या माझ्यासारख्याला मनातून कौतुकच वाटलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "रकाना चौदा कोरा आहे. शेवटचा नळ कोणाचा?"

"माझा," मी छाती काढून म्हटलं.

"व्याख्येसह लिहायचंय. शेवटचा म्हणजे काय, ते समितीनं ठराव करून ठरवा."

इथे माझ्यातला जावक विभाग जागा झाला. समितीची बैठक बियाण्याच्या गोदामात भरली आणि मी व्याख्या मांडली: टाकीपासून पाइपाच्या लांबीने सर्वांत दूर असलेला आणि प्रत्यक्ष वापरात असलेला नळ, तो शेवटचा नळ. 'प्रत्यक्ष वापरात' हे दोन शब्द खास माझे. ते सुचले तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो. ठराव एकमतानं पास झाला. टेलर मास्तर तेवढे जरा थांबून म्हणाले, "पाइपाच्या लांबीनं म्हणजे घर कुठंय त्याचा संबंध नाही ना?"

"अजिबात नाही," मी उदारपणे सांगितलं.

त्याच बैठकीत मी दुसऱ्या अटीकडे वळलो. वस्तीत त्रेचाळीस घरं. त्यांतल्या नऊ घरांना संडास नव्हता, आणि पाच घरांच्या संडासांत भुशाची पोती होती. मी स्वच्छतेवर पाऊण तास बोललो. दोन खड्ड्यांचा संडास कसा असतो, एक खड्डा भरला की दुसरा कसा वापरायचा, पहिल्यात वर्षा-दोन वर्षांत खत कसं तयार होतं, त्याची रंगीत आकृती भिंतीवर लावली. माशी मळावरून भाकरीवर कशी जाते तो मार्ग बाणांनी दाखवला. ऐकायला अकरा माणसं होती. त्यांतली चार, गोदामाची किल्ली माझ्याकडे होती म्हणून थांबली होती.

आणि तरी, वाचकहो, चमत्कार झाला. आठ दिवसांच्या आत वस्तीत विटा पडायला लागल्या.

पहिला खड्डा टेलर मास्तरांनी खणला. मग त्यांच्यापलीकडच्या सुतारानं. मग कोंबड्यावाल्यानं. रस्त्यानं चावी घेऊन जाताना डावीउजवीकडे नुसत्या माती उकरण्याच्या आवाजानं माझं मन भरून येई. भुशाची पोती बाहेर आली. ज्यांच्या घरात संडास होता त्यांनीही शेताच्या कडेला दुसरा बांधायला घेतला. मी वहीत लिहिलं, 'व्याख्यानाचा परिणाम अपेक्षेबाहेर.' पाऊण तासाच्या भाषणावर एक माणूस बदलला तरी पुष्कळ झालं, असं म्हणतात. इथे विटांचा ट्रक बदली झाल्यासारखा वस्तीतच राहायला आला होता.

गवंडी मात्र बुचकळ्यात पडला होता. एकदा तो मला वाटेत म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं संडास बांधतोय. माणसं म्हणायची, घराजवळ बांध, रात्री-अपरात्री कुठं लांब जायचं. ही सगळी म्हणतात, अजून पुढं सरक. मास्तरांचा तर इतका पुढं सरकलाय की तिथं पोचेपर्यंत माणसाला दोनदा बसावं लागेल."

"आरोग्याची जाणीव," मी म्हटलं. "घरापासून दूर असलेला बरा."

"आणि प्रत्येकाला आत नळ पाहिजे. बादली चालत नाही."

"बघा," मी म्हटलं.

संध्याकाळी मी हे मोठ्या अभिमानानं बायकोला सांगितलं. ती निवडत असलेल्या डाळीतून मान वर न करता म्हणाली, "अहो, मास्तर काल टेप घेऊन रस्त्यावर ओणवे झाले होते, बघितलं नाहीत? कपड्याची टेप. साठ इंच झाले की खडूनं खूण, पुन्हा साठ इंच. टाकीपासून त्यांच्या संडासापर्यंत. आणि मग टाकीपासून आपल्या नळापर्यंत."

"कशासाठी?"

"चावीसाठी. तुमच्यापेक्षा चार फूट लांब निघालेत ते."

मी खुर्चीत बसलो. निळी चावी कोपऱ्यात आवरण घालून उभी होती. ज्या कांबेकडे दोन वर्षं कोंबड्यांनीही बघितलं नव्हतं, तिच्यासाठी आता अख्खी वस्ती जमीन खणत होती, आणि पाटी, रंग, नाडी हे सगळं माझंच पाप होतं. माझ्या भाषणानं एकही वीट हललेली नव्हती. माशीचा मार्ग कोणी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणाच्या पार टोकाला असलेल्या झाडापर्यंत पाइप नेला आणि तिथं नळ बसवला.

"झाडाला आपण बादलीनं पाणी घालतो," बायको म्हणाली.

"आता झाड स्वावलंबी होईल."

"तुम्ही कधी होणार?"

मास्तरांच्या नळापेक्षा मी आता सहा फूट लांब होतो. पुढच्या आठवड्यात मास्तर संडासाच्या मागच्या बाजूला हात धुवायचं बेसिन बसवून माझ्या दोन फूट पुढे गेले. मी झाडाला वळसा घातला. सुतारानं बांधापर्यंत मजल मारली. कोंबड्यावाल्यानं तर स्वतःच्या शेताला पाइपाची नक्षी काढली. टेप ताणली गेली आहे असा आरोप झाला, दोघंजण एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि तपासणी पास होईपर्यंत चावी माझ्याकडेच ठेवून, मोजमाप पुन्हा सुतळीनं करायचं ठरलं. अध्यक्षबाई या सगळ्यात फक्त एकदाच बोलल्या. "विहिरीच्या बाजूला कोणी एक फूट जरी सरकलं तर त्याचा खड्डा मी स्वतः बुजवीन, आणि तो आत असला तरी बुजवीन." विहिरीच्या बाजूला कोणीही सरकलं नाही.

तपासणीला आठ दिवस उरले. दप्तर शेवटचं वाचावं म्हणून मी बसलो. व्याख्येचा ठराव वाचला. त्याखालीच वाढीव पाइपाचा प्रस्ताव होता, तो वाचला. मग पुन्हा व्याख्या वाचली, आणि माझ्या हातातला चहा थंड झाला.

पाइप टेकडीवर जाणार होता. वर अकरा नळ लागणार होते. सगळ्यांत वरचं घर काकूचं. टाकीपासून पाइपाच्या लांबीनं सर्वांत दूर, आणि तान्ह्या बाळाचे कपडे धुवायचे म्हटल्यावर प्रत्यक्ष वापरात. प्रस्ताव माझा, व्याख्या माझी, अक्षर माझं. गेले पाच महिने मी जीव तोडून ज्यासाठी धावत होतो, ते यशस्वी झालं की चावी माझ्याकडून जाणार होती.

इथे एक गोष्ट कबूल करतो, कारण आता लपवण्यात मजा नाही. मी हे कोणालाही सांगितलं नाही. उलट एका कागदावर सुबक अक्षरांत दुरुस्ती लिहून ठेवली: 'शेवटचा नळ म्हणजे जुन्या पाइपावरील शेवटचा नळ, असे वाचावे.' तपासणी झाली की गडबडीत मांडायची. कागदाची चौपदरी घडी करून मी ती खिशात ठेवली.

तपासनीस आला तो दिवस मी विसरणार नाही. शांत, बारीक आवाजाचा माणूस. हातात काचेच्या नळ्यांची पेटी. सकाळच्या पाण्याची वेळ होती. त्या दिवसापुरता तासाचा नियम बाजूला ठेवून मी व्हॉल्व्ह उघडला आणि त्याला गोदामात नेलं. दप्तर बघून तो म्हणाला, "इतकं स्वच्छ दप्तर मी पाहिलं नाही." मुदतवाढीचे कोरे अर्ज त्यानं दोनदा उलटून पाहिले. मग शौचालयं. यादी घेऊन तो घरोघर फिरला, आणि दर घरी माणसं त्याचा हात धरून शेताच्या टोकाला घेऊन जात होती. मास्तरांच्या संडासाला झालरीचा पडदा होता आणि पडद्याला खिसा होता.

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस," तपासनीस घाम पुसत म्हणाला. "काही ठिकाणी दोन. लोक मला संडास दाखवायला इतके उत्सुक असलेले मी कुठेच बघितले नाहीत. हे कसं घडवलंत?"

"समजावून सांगितलं," मी म्हटलं. बायको शेजारीच उभी होती. ती खोकली.

"आता शेवटचा नळ दाखवा."

सात हात सात दिशांना झाले.

मी प्रसंगावधान राखून त्याला आमच्या झाडापाशी आणलं. मागोमाग सगळी वस्ती. मी नळ सोडला. नळानं एखादा अधिकारी नकार देण्यापूर्वी घसा खाकरतो तसा आवाज केला, दोन थेंब टाकले आणि गप्प झाला. तपासनीसानं नळी धरून ठेवली. नळीला पाण्याची खूण होती. थेंब तिच्या बुडाशी पडून होते.

"पाणी चालू आहे ना?"

"पूर्ण साडेसात फेरे," मी म्हटलं. आणि मग मला आवाज ऐकू आला. वस्तीच्या दोन्ही बाजूंनी, शेतांच्या टोकांवरून, पाणी पडत असल्याचा आवाज. मास्तरांचं बेसिन, सुताराचा बांध, कोंबड्यावाल्याची नक्षी. सगळे नळ सताड उघडे होते. व्याख्येत 'प्रत्यक्ष वापरात' असं होतं ना. तपासनीसाला वापर दिसावा म्हणून प्रत्येकानं सकाळपासून आपापला नळ वापरात ठेवला होता.

"सगळ्यांनी नळ बंद करा," मी ओरडलो.

कोणी हललं नाही. "मी बंद केला की माझा वापरात नव्हता असं तुम्ही उद्या वहीत लिहाल," मास्तर म्हणाले. "आधी सुताराला सांगा."

"मी का आधी?" सुतार म्हणाला. "आधी साहेबांनी झाडाचा काढून टाकावा. झाड काय संडासला जातं?"

तपासनीसानं घड्याळ पाहिलं. "पाणी मिळालं नाही तर मला 'पोहोचत नाही' असं लिहावं लागेल. मग पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

काकू कुंपणाबाहेर उभी होती, दोन्ही डबे पायाशी. आज टाकीजवळच्या नळालाही धार नव्हती, म्हणून डबे रिकामेच होते. तिनं तक्रार केली नाही. नुसतं हिशेब करावा तसं म्हणाली, "पुढल्या वर्षी म्हणजे पोरगं चालायलाच लागेल." आणि डब्यांची झाकणं लावायला वाकली.

मला वाटतं माझा हात खिशात गेला होता. तो मी बाहेर काढला आणि बोललो.

"ऐका. वरच्या पाइपाला मंजुरी मिळाली की अकरा नळ टेकडीवर लागतील. सगळ्यांत लांबचा नळ काकूंचा. म्हणजे आज आपण पास झालो तर इथल्या कोणाचाच नळ शेवटचा राहत नाही. चावी वर जाते."

मास्तरांनी सुताराकडे पाहिलं.

"आणि नापास झालो," मी म्हटलं, "तर चावी वर्षभर माझ्याकडेच."

टेलर मास्तर पळाले. त्या वयाचा माणूस इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यांच्यामागे सुतार, त्याच्यामागे कोंबड्यावाला, मग सगळेच, चपला हातात घेऊन शेतांतून चहूकडे. माझ्या पाऊण तासाच्या भाषणाला जमलं नव्हतं ते या एका वाक्यानं केलं. एकेका बाजूचा पाण्याचा आवाज थांबत गेला. आणि आमच्या झाडाखालचा नळ आधी फुसफुसला, मग हवा ओकला, आणि मग अंगठ्याएवढी धार लागली.

तपासनीसानं नळी खुणेपर्यंत भरली. दोन थेंब टाकले. तोवर सगळी वस्ती धापा टाकत परत आली होती. पाणी पिवळं झालं. इतकं स्वच्छ, सुंदर पिवळं की कोंबड्यावाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नळी पुसायला एखादा कागद आहे का?" तपासनीसानं विचारलं.

मी खिशातली चौपदरी घडी त्याला दिली. त्यानं दुरुस्तीनं नळी पुसली, दुरुस्तीचा बोळा केला आणि तो आपल्या पेटीत टाकून निघून गेला. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: लोकसहभाग अतिउत्साही.

"चावी वर जाणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," संध्याकाळी अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"संडास पुरे व्हायचे होते ना," त्या म्हणाल्या. "आणि काकूला कळलं असतं तर ती नळच नको म्हणाली असती."

पंप आला, पाइप वर गेला. बाळ एकवीस दिवसांचं असताना काकूच्या दारात पाणी पडलं. पहिल्या धारेखाली तिनं दुपटी धुतली आणि ती टेकडीवर दोरीला लावली. आमच्या खिडकीतून अख्खी ओळ दिसत होती. मी चावी, पाटी आणि अर्जांसकट, समारंभानं तिच्या हातात दिली. तिनं आवरण काढून बाळाच्या गादीखाली घातलं. 'मुख्य जलनियंत्रक' ही पाटी रांजणावर झाकण म्हणून बरोबर बसली. मुदतवाढीच्या अर्जांचा गठ्ठा मात्र तिनं सुनेकडून दोनदा वाचून घेतला.

"हे चांगलं केलंय, भाऊ," ती म्हणाली. "हे राहू द्या."

आता सकाळी काकू डबे न घेता खाली येते. खांद्यावर चावी असते. साडेसात फेरे उघडते, तासभर टाकीच्या सावलीत बसते, मग तास भरला की बंद करून आमच्या घरावरून वर जाते. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. मास्तरांची रोज दाढी अर्धी राहते, पण बोलायची कोणाची हिंमत नाही.

परवा मी अंघोळीला बसलो होतो. डोक्याला साबण लावला, तोंडाला लावला, आणि नळ नेहमीचा तो घसा खाकरल्याचा आवाज काढून बंद झाला. बादली रिकामी. मी बायकोला हाक मारली, तिनं खिडकीतून काकूला हाक मारली. काकू टाकीकडून परत येत, आमच्या कुंपणापर्यंत पोहोचली होती.

"अहो काकू, यांची अंघोळ अर्धी राहिलीय. जरा पाच मिनिटं सोडता का?"

"एक दिवस आधी द्यायचं असतं ना?" काकूचा आवाज आला. "बरं, आज घेते. पण लेखी द्या."

बायकोनं बाथरूमच्या दाराबाहेरून विचारलं, "अहो, फॉर्म भरतेय. नाव लिहिलं, नळ क्रमांक लिहिला. मिनिटं पाच. कारण काय लिहू?"

"डोळ्यांत साबण गेलाय, असं लिही," मी म्हटलं. "आणि खाली लिही, कृपया."